दातात धरलेला पेचकस

अप्पा, शटर अर्ध्यावर ओढून आत बसलोय. आज मुरुमचा आठवडी बाजार, रस्त्यावर ही गर्दी, आणि मी गिऱ्हाइकाला चुकवायला माझ्याच दुकानात लपलोय. तुम्हाला हे पटायचं नाही. चार वाजता एक मास्तरीणबाई त्यांच्या वडिलांची बुलेट न्यायला येणार आहेत. वडील गेल्या वर्षी गेले, गाडी त्याच्या आधीपासून गोठ्यात पोत्यांखाली उभी होती. मी इंजिन उतरवलं, आतलं मोठं बेअरिंग बदललं, सगळं परत बसवलं. किक मारली तर गाडी सुरूही झाली. आता एकच काम राहिलंय, ती आतून नीट वाजते का ते ऐकायचं. आणि मला ऐकू येत नाही, अप्पा. बाईंना मी दोनदा परत पाठवलंय, पार्ट यायचाय असं सांगून. पार्ट कधीच आलाय.

आपण ज्यांना भंगार म्हणायचो त्या गाड्यांना आता व्हिंटेज म्हणतात. सोलापूर, गुलबर्ग्याहून माणसं टेम्पोत घालून गाड्या आणतात आणि मी पान्हा हातात घेतला की मोबाइलवर फोटो काढतात. एकानं तर मला घाण झालेलाच शर्ट घालायला लावला, धुतलेल्यात मिस्त्री वाटत नाही म्हणे. तुमचा लाकडी मुठीचा पेचकस अजून त्याच पत्र्याच्या डब्यात आहे. मुठीवर तुमच्या दातांच्या खुणा आहेत. त्यांच्याबद्दलच लिहायचंय, पण हात तिकडं लवकर वळत नाही.

आधी तुम्ही सगळ्या मिस्त्र्यांसारखंच ऐकायचा. गाडी सुरू करायची, पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. शेजारचा चहावाला तेवढ्यापुरता रेडिओ बंद करायचा. मग तुम्ही डोळे उघडून सांगायचा, अमुक ठिकाणी ढिलं आहे, आणि इंजिन खोललं की तिथंच निघायचं. त्याचा मला केवढा तोरा होता. पुढं कधीतरी ती मूठ कानावरून तोंडात गेली. तुम्ही ती दातात घट्ट धरून, मान वाकडी करून इंजिनावर वाकलेले असायचा आणि बाकावर बसलेली माणसं एकमेकांना कोपर मारायची. मला लाज वाटायची. एकदा चारचौघांत बोललोच, "अप्पा, तोंडातून काढा त्ये. माणसं हसायलीत." तुम्ही पेचकस काढला, धोतराला पुसला आणि डब्यात ठेवला. तुम्ही रागावला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

त्यानंतर तुम्ही मला हाक मारायला लागला. "ये रं, कान लाव. सांग, काय म्हणतंय?" मी ऐकायचो, सांगायचो, आणि तुम्ही मान हलवून त्याप्रमाणे काम करायचा. मला वाटायचं, म्हातारा परीक्षा घेतोय. लग्न झालेल्या, लेकराच्या बापाची गिऱ्हाइकांसमोर रोज परीक्षा! मी चिडायचो, कधी मुद्दाम उशिरा यायचो. तुम्ही गाडी चालू ठेवून माझी वाट बघत उभे राहायचा.

दवाखान्यातल्या कंपाउंडरची बुलेट तयार झाली तो दिवसही बाजाराचाच होता. घरी माझ्या सासुरवाडीची माणसं आली होती, पुरणपोळ्या झाल्या होत्या, ताटं वाढल्याचा दोनदा निरोप आला होता. तुम्ही म्हणालात, "कान लाव." मी पेचकस इंजिनाला टेकवला आणि लगेच म्हणालो, "काय न्हाय अप्पा, साफ हाय."

तुम्ही गाडीवरची नजर वर करून माझ्या तोंडाकडं बघितलं. "नक्की?"

"व्हय म्हणलं की."

तुम्ही चावी दिली. तिसऱ्या दिवशी नळदुर्गच्या अलीकडं त्या गाडीचं इंजिन चालता चालता जाम झालं, मागचं चाक लॉक झालं आणि कंपाउंडर रस्त्यावर आपटला. उजव्या मनगटाचा चुरा. प्लास्टर गळ्यात अडकवून तो दुकानात आला आणि भर बाजारात तुम्हाला नाही नाही ते बोलला. "कान फुटले का मिस्त्री तुमचे? एवढा ठोका ऐकू आला न्हाय?" तुम्ही हात जोडले. "व्हय बाबा. चुकी माझीच हाय." मी शेजारी रॉकेलच्या डब्यात नटबोल्ट धूत होतो. मान वर केली नाही. त्या दिवसानंतर तुम्ही इंजिनाला हात लावला नाही. जाईपर्यंत दाराशी बसून पंक्चर काढलीत, चाकाचे स्पोक आवळलेत. लोक विचारायचे, मी सांगायचो, अप्पा थकले. खरं सांगायचं तर दुकान माझ्या हातात आलं याचा मला आतून आनंदच झाला होता.

गेल्या महिन्यात उमरग्याला कानाच्या डॉक्टरकडं गेलो. त्यांनी एक लोखंडी चिमटा वाजवून हवेत धरला, तेव्हा काही नाही. मग तोच कानामागच्या हाडावर टेकवला, तर बारीक गुणगुण ऐकू आली. म्हणाले, कानातलं बारीक हाड आखडलंय, आता आतली नसही गेलीय, उशीर झाला. हे घराण्यात असतं, वडिलांना होतं का? मी फाडकन म्हणालो, छे, आमच्या अप्पांचे कान तर तालुक्यात नावाजलेले. मग स्टँडवर येऊन बसलो. मुरुमची गाडी आली, माणसं चढली, गाडी गेली, आणि मी तसाच बसून होतो. तुम्ही दातातून ऐकत होता. तेही मी बंद केलं, तेव्हा तुम्ही माझे कान मागितले.

आता तुमची विद्या मी करून बघितली. तंबाखूनं माझे दात कधीच गेलेत. पेचकस दातात धरला की इंजिनाआधी कवळीच खडखडते. हसा. कानामागं टेकवला तर नुसती भुणभुण, त्यात ठोका आहे की नाही ते समजत नाही. कानाला ऐकायचं मशीन लावलं तर बुलेट आणि उसाचा ट्रॅक्टर एकाच आवाजात डोक्यात घुसतात. कुणाला सांगायची सोय नाही. बहिऱ्या मिस्त्रीकडं गाडी कोण टाकेल?

शेवटी आज सकाळी तुमच्या सुनेला मागच्या घरातून बोलावलं. ती पिठाच्या हातानं आली. मी गाडी सुरू केली, टोक कुठं टेकवायचं ते दाखवलं, आतून टकटक येते का बघ म्हटलं. तिनं क्षणभर मूठ कानाशी नेली आणि ओरडून सांगितलं, "काय न्हाय वो, नीट हाय. भाकर करपायली माझी."

मी विचारलं, "नक्की?"

"व्हय म्हणलं की," म्हणून ती गेलीसुद्धा.

तिनं नीट ऐकलं असेल. तिला खोटं बोलायचं काही कारण नाही. पण कारण तर मलाही नव्हतं. मास्तरीणबाई रोज लेकीला मागं बसवून शाळेला जाणार आहेत या गाडीवर. पुन्हा खोलून बघितलं तरी बसवल्यावर ऐकावं लागणारच. चावी खिशात आहे आणि मी तासभर तिच्यावर हात ठेवून बसलोय.

शटरचा पत्रा हलतोय, म्हणजे बाहेरून कुणीतरी वाजवतंय. खालच्या फटीतून बाईंच्या चपला दिसतायत आणि शेजारी दोन लहान बूट. मी सांगणार, सोमवारी या. सोमवारी काय सांगायचं ते मला माहीत नाही. हा कागद पेचकसाच्या डब्यात ठेवतो, दुसरा पत्ता माझ्याकडं नाही.

अप्पा, कंपाउंडरच्या गाडीचा ठोका मला ऐकू आला नाही, असं तुम्ही समजला असाल. तसं नव्हतं. त्या दिवशी मी मूठ कानाला लावलीच नव्हती.