चौकातील साक्षीदार

१४ जानेवारी

देवदार आला! ट्रकमधून उतरवताना क्रेनवाला म्हणाला, "आजोबा, याची होडी करणार का?" मी म्हणालो, "बाई करणार. हात वर केलेली." तो हसला. हसू दे.

ओंडका सरळ आहे. गाठी एकाच अंगास आहेत. त्या बाजूस तिची पाठ येईल.

आमची शेड, एका बाजूने उघडी, चौकाच्या मधोमध आहे. सभोवार इमारती उभ्या राहत आहेत — आमच्या लोकांच्या, म्हणजे या किनाऱ्याच्या मूळ रहिवाशांच्या, आमच्याच जमिनीवर. सरकारने घेतलेली ही जमीन परत मिळावी म्हणून माझे आजोबा भांडले, वडील भांडले. मिळालेली पाहिली ती मी. पहिली इमारत भाडेकरूंनी भरलीसुद्धा. त्यांत आमचे थोडे, बाकी जगाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले. त्यांच्या लेखी हा चौक म्हणजे बसथांब्याची वाट. खाली मान घालून येतात, खाली मान घालून जातात. ही स्त्री उभी राहिली म्हणजे प्रत्येकास कळले पाहिजे की आपण कोणाच्या अंगणातून चाललो आहोत. एवढ्याकरिताच मी या वयात पुन्हा लाकूड तासायचा वाकस हाती घेतला आहे.

माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले. त्यापुढे वडिलांची मासेमारीची बोट. तरीही जे लिहितो ते नीट लिहितो.

२३ जानेवारी

डेल्फिन दिवसभर सोबत होती. ही माझ्या थोरल्या भावाची कन्या. चौकातील फरशी, कठडे, बसथांबे — सर्वांवर आमच्या विणकामाचे नक्षीकाम तिच्याच देखरेखीखाली होत आहे.

"काका, नाक फार मोठं ठेवलंय तुम्ही."

"इकडे पाऊस फार. नाक झिजते. पन्नास वर्षांनी बरोबर होईल."

"म्हणजे तोवर लोकांनी हे नाक बघायचं?"

तिला उत्तर देण्यात अर्थ नसतो. तिचा हात मात्र बापासारखा आहे — लाकूड दुखावत नाही.

६ फेब्रुवारी

हातांचा आकार दिसू लागला. एक भाडेकरू थांबून म्हणाला, "ही काय, थांबा म्हणतेय?" दुसरा म्हणाला, "पोलीस आले वाटतं, हात वर केलेत!" डेल्फिन खो-खो हसली. मी हसलो नाही.

दुपारी एक पंजाबी बसचालक आला. त्यानेही तेच विचारले, परंतु अदबीने. मी सांगितले, "तुमच्याकडे पाहुणा आला की काय करता?" त्याने हात जोडले. मी म्हणालो, "आम्ही उंचावतो. एवढाच फरक." त्याने लगेच तळहात आपल्याकडे करून दोन्ही हात वर केले. ज्याला कळले असा पहिला मनुष्य!

७ फेब्रुवारी

निळ्या कपड्यांतील एक बाई रोज सकाळी शेडपाशी उभी राहते, आजही राहिली. परिचारिका असावी. बोलत नाही. पाहते आणि जाते.

२७ फेब्रुवारी

मूर्तीच्या डाव्या तळहातास तडा गेला. करंगळीपासून मनगटापर्यंत. काम टाकून बसून राहिलो.

२८ फेब्रुवारी

डेल्फिनने देवदाराचीच पाचर तासली, मी बसविली. आता बोट फिरविले तरी लागत नाही. तिला बजावले, "हे बाहेर बोलायचे नाही." ती म्हणाली, "मी कुणाला सांगू? मला तर नाकाचीच लाज वाटते."

१२ मार्च

साक्षीदारांवरून खटका उडाला.

आमच्यात काम पुरे झाले असे करणाऱ्याने म्हटल्याने ते पुरे होत नाही. साक्षीदार बोलवावे लागतात. त्यांच्या खांद्यावर घोंगडी घालायची, हातात नाणे ठेवायचे. त्यांनी सर्व पाहायचे, शेवटी उठून बोलायचे, आणि पुढे जन्मभर जेथे जातील तेथे सांगायचे. साक्ष नाही तर काम नाही — मग केवढेही लाकूड उभे करा! म्हणून मी चार जुन्या घराण्यांतील चार माणसे ठरविली. पहिली खुर्ची नदीकाठच्या हेन्रिएटाची. तिचा शब्द कोणत्याही गावात खाली पडत नाही.

डेल्फिन म्हणाली, "एक तरी इथला भाडेकरू घ्या, काका."

"भाडेकरू? उद्या भाडे वाढले की पेट्या उचलून जातील. मग सांगणार कोण?"

"आणि तुमची हेन्रिएटा? तीन तासांवर राहते. रोज हिच्यासमोरून जाणार ते हे लोक. त्यांना विचारायचंच नाही?"

सिरिल कोपऱ्यात सूप पीत होता. समारंभात आमच्या कुटुंबाच्या वतीने बोलणारा तोच. यजमानाने आपल्याच तोंडाने बोलणे आमच्यात शोभत नाही. तो म्हणाला, "मी आपला पुकारणारा. काका-पुतणी डोकी फोडा, पण माझी सुपाची वाटी सांडू नका."

निर्णय माझा आहे. चार घराणी. संपले.

८ एप्रिल

आज तिचे डोळे उघडले.

२० एप्रिल

उभी राहिली! उभी राहिली!

नीट क्रमाने लिहितो. क्रेन नाकारली, दोर लावले. आमची माणसे कमी पडली तेव्हा तो पंजाबी बसचालक बाही सारून आला. मागून इमारतीतील माणसे आली — कोणी घरातल्या चपलांवर, कोणी हातातली पिशवी खाली ठेवून. सिरिल ओरडत होता, "ओढा! जेवण फुकट नाही!" ती हळूहळू जमिनीवरून उठली. खाडीकडे तोंड, हात वर. पाऊस होता, कोणी हलले नाही. माझ्या वडिलांनी हे पाहावयास हवे होते.

मग साक्षी. हेन्रिएटाची गाडी वाटेत दरड कोसळल्याने अडकलेली. मी सांगितले, खुर्ची रिकामी ठेवा, थांबू. तेवढ्यात ती निळ्या कपड्यांतील बाई रात्रपाळीवरून आली, रिकामी खुर्ची पाहिली, आणि पाय दुखत असतील — बसली. घोंगड्या घालणाऱ्यांना एवढेच ठाऊक होते की पहिली घोंगडी पहिल्या खुर्चीला. घातली! नाणे हातात दिले! सिरिलने खड्या आवाजात पुकारले, "पहिला साक्षीदार!"

मी उठलो. सिरिल माझ्या कानाशी आला. "बस, अँब्रोस. घातलेली घोंगडी काढायची नसते. काढलीस तर लाज तुझ्या घराची." मी बसलो. एवढे काम, आणि त्याची पहिली साक्ष एका परक्या बाईची — जिला काय चालले आहे हेही ठाऊक नाही!

पहिली खुर्ची शेवटी बोलते, म्हणून आधी घराण्यांतील तिघे बोलले. उत्तम बोलले, माझ्या वडिलांविषयी, त्यांच्या वडिलांविषयी. मग ती उठली. नाव मारिसेल, गाव फिलिपिन्समध्ये.

"मला काय बोलायचं ते माहीत नाही. मी नुसती बसले होते."

सिरिल म्हणाला, "पाहिलं ते सांगा, बाई. बाकी काही नको."

"पाहिलं म्हणाल तर... मी सातव्या मजल्यावर राहते. खिडकी या शेडवरच उघडते. रात्रपाळीवरून आले की झोप लागत नाही, मग बघत बसते. लाकूड आलं त्या दिवशी आजोबा त्याच्यावर हात ठेवून खूप वेळ बोलत होते. रोज डबा उघडला की पहिला घास लाकडापाशी ठेवायचे. कावळा न्यायचा. नेला नाही तर स्वतः जेवायचे नाहीत. नाकावरून या ताईंशी भांडायचे, खालून आवाज यायचा." लोक हसले. "आणि एक दिवस डाव्या हाताला तडा गेला."

डेल्फिनने माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे.

"तेव्हा आजोबा नुसते बसून होते. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी दोघांनी तिथे एक तुकडा बसवला. तो आत आहे. दिसत नाही, पण आहे. मी हॉस्पिटलात रोज हेच बघते. सांधलेलं हाड." मग म्हणाली, "या देशात मला अकरा वर्षं झाली. तू काय पाहिलंस, असं कुणी विचारलं नव्हतं."

तिने लपविले काही नाही, वाढविले काही नाही. अशी साक्ष मी लहानपणानंतर ऐकली नव्हती. प्रथम सिरिलने हात उंचावले, मग घराण्यांनी, मग सबंध चौकाने — सातशे-आठशे हात! तिला काय करावे ते कळेना, तिनेही उंचावले. मी उभा राहिलो आणि तिच्याकडे तोंड करून माझे दोन्ही हात, जितके जातात तितके, वर केले.

२१ एप्रिल

हेन्रिएटाचा दूरध्वनी. "माझी खुर्ची नर्सला दिलीस म्हणे!"

"दिली नाही. तिने घेतली."

"बरं झालं. मी आले असते तर तुझ्या बापाबद्दल तासभर बोलले असते, आणि सूप गार झालं असतं."

१८ जून

आता कोणी 'चौकात भेटू' म्हणत नाही. 'बाईपाशी भेटू' म्हणतात. डेल्फिनची फरशी पूर्ण झाली. तिच्यावर संध्याकाळी एक कोरियन वृद्ध दांपत्य व्यायाम करते, पलीकडे आमच्या मुली तळलेली भाकरी विकतात. बसचालक बस फिरविताना स्टिअरिंगवरचा एक हात उंचावतो. डेल्फिन विचारते, "काका, आता तरी हसाल का?" हसलो.

५ सप्टेंबर

मारिसेल निघून गेली. विनिपेगला, बहिणीकडे. टॅक्सीत बसण्यापूर्वी माझ्यापाशी आली. "मी तिथेही सांगेन, आजोबा." सांगेल, यात शंका नाही. परंतु येथे? येथे आता ते कोण सांगणार? डेल्फिनला म्हणालो, "बघ. मी म्हटले होते." ती प्रथमच उलट बोलली नाही. त्याने अधिकच वाईट वाटले.

११ नोव्हेंबर

चौकातील बाकावर बसलो होतो. शेजारी एक अनोळखी तरुणी येऊन बसली. म्हणाली, "आजोबा, इथे नवीन का तुम्ही? मग या बाईची गोष्ट माहीत नसेल." मी म्हणालो, "सांगा." तिने सर्व सांगितले — लाकडाशी बोलणे, कावळा, तडा, पाचर, घोंगडी. मारिसेलला तिने पाहिलेलेही नाही. शेजारणीकडून ऐकले म्हणे. एकही चूक नाही. फक्त मूर्ती घडविणारा म्हातारा तिने सहा फूट उंच केला. मी दुरुस्त केले नाही.