लंकाच्या वेलीचे नाव

१. सन १९६६ मध्ये आमच्या विहिरीच्या हौदाशेजारी, कोणीतरी थुंकलेल्या बीपासून द्राक्षाची वेल उगवली.
२. गावकुसाबाहेरच्या वस्तीतून आमच्याकडे कामाला येणाऱ्या लंकाबाई सहादेव साळवे यांनी तिला काट्यांचे कुंपण केले, भांडी धुतलेले पाणी घातले. १९७० साली फळ आले. तोडणीच्या बायका त्याला ‘लंकाची द्राक्षं’ म्हणू लागल्या.
३. यंदाच्या दुष्काळात बागेतील भोकरी जातीची द्राक्षे वाळली. या वेलीला एकोणीस घड आले.
४. फेब्रुवारीत नगरच्या द्राक्ष प्रदर्शनाच्या अर्जात, वाणाच्या नावापुढे मी ‘आप्पासाहेब’ लिहिले. हे माझ्या वडिलांचे नाव. पहिला क्रमांक मिळाला.

मी, कु. प्रमिला आप्पासाहेब येळवंडे, वय २६, बी.एस्सी. (कृषी), राहणार सोनई, तालुका नेवासे. २ एप्रिल रोजी पुण्यात माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. बुद्धी शाबूत असताना, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते.

पोस्टातील रक्कम आईला. मनगटी घड्याळ भाऊ मच्छिंद्र यास. त्याने एकदा तरी वेळेवर यावे.

मूळ वेल वडिलांच्या जमिनीत आहे, ती माझी नाही. तिच्या काड्यांपासून मी डब्यांत केलेली सहा रोपे माझी आहेत. ती, छाटणीची कात्री व नोंदवही लंकाबाईंना द्यावी.

अर्ज भरताना वडील म्हणाले होते, “तिच्या नावाची पाटी लावली तर घडांना कोण हात लावील?” लेखणी माझ्या हातात होती.

प्रदर्शनात लंकाबाईंनी विचारले, “ताई, पाटीवर काय लिवलंय?” मी वाचले. त्या हसल्या. “आप्पासाहेबांनी पानी कदी घातलं? वेल लई शानी हाय, मालक वळकती.” बरोबरच्या बायकाही हसल्या. मी घडांची वजने लिहीत राहिले.

नाव दुरुस्तीचा अर्ज सही करून नोंदवहीत ठेवला आहे. लंकाबाईंचा होकार आल्यासच मच्छिंद्रने तो पाठवावा.

सोनई, दि. १८ मार्च १९७३
(सही) प्रमिला आ. येळवंडे
साक्षीदार: १. गोरक्ष रंभाजी शेटे २. कलाबाई उत्तमराव दरंदले, शिक्षिका

लंकाबाई, हे कलाबाई तुम्हाला वाचून दाखवतील. मागच्या वेळी मी तुम्हाला विचारले नव्हते. द्राक्षाला तुमचे नाव हवे की नको, ते मी पुण्याला निघण्यापूर्वी, २८ मार्चपर्यंत कळवावे.