तुझं पहिलं ‘नको’

प्रिय आत्या,

काल पॉलीन आली होती. तुझी मंगळवारची मैत्रीण. साउथहॅम्प्टनहून ट्रेन बदलत थेट वॉटफर्डला, हातात सुपरमार्केटची मोठी पिशवी घेऊन. पिशवीत तुझं हार्नेस होतं, दोरावर चढताना कमरेला बांधायचे ते पट्टे. ‘हे तुझ्याकडे असायला हवं,’ म्हणाली. चहा घेतला आणि जाता जाता असं काही बोलून गेली की आज सकाळपासून माझं कशातच लक्ष नाही. ऑफिसला बरं नाही म्हणून कळवलं आणि तुला लिहायला बसले. तू हे वाचणार नाहीस, तेवढं कळतं गं मला. पण मग बोलू कुणाशी?

काय बाई तुझं वेड! जन्मभर हॉस्पिटलात लोकांना भूल देऊन झोपवलंस, आणि रिटायर झाल्यावर स्वतः मात्र दोराला लटकायला लागलीस. साठीच्या पुढच्यांसाठी दर मंगळवारी क्लाइंबिंग वॉल असते, हे तुला सापडलं तरी कुठे? ‘केतू, आज छताला हात लावून आले!’ असा फोन यायचा. मी हसायचे. बाबांना पुण्याला फोन करून सांगायचे, ‘तुमची ताई माकड झालीय.’

गेल्या वर्षी वसंतात निखिलने आणि मी जॉर्डनचं ठरवलं. बँक हॉलिडेच्या सुट्टीला जोडून आलेला वीकेंड, वाळवंटातल्या अरुंद घळी, दोर बांधून एकेक कडा उतरत जायचं. तुला सहज सांगितलं, तर तू म्हणालीस, ‘जॉर्डनला या दिवसांत हवा कशी असते गं?’ मी बापडी तुला हवा सांगत बसले. फोन ठेवल्यावर निखिल म्हणाला, ‘अगं, आत्यांना यायचंय.’ नवऱ्याला कळलं, भाचीला नाही. मी तिथेच सावध व्हायला हवं होतं.

आठवतं, बॅगेतून तुझा रेनकोट निघाला तेव्हा आम्ही किती चिडवलं तुला? ‘आत्या, वाळवंटात रेनकोट?’ ‘हसा, हसा. इतकी वर्षं इंग्लंडात काढलीत, आभाळावर विश्वास ठेवायला मी वेडी आहे का?’ म्हणालीस.

शनिवारी सकाळी तंबूत नाश्त्याला आलीस तीच हार्नेस चढवून. हातात खजूर, कमरेला पट्टे, लोखंडी कड्यांचा खुळखुळाट. बाजूच्या टेबलावरचे जर्मन पाहुणे बघत होते आणि तू त्यांना खुशाल ‘गुड मॉर्निंग’ करत होतीस. एवढ्यात आमचा गाइड सामी आला आणि म्हणाला, आज नाही. लांब डोंगरात पाऊस पडतोय. मी भांडलेच त्याच्याशी. डोक्यावर निळंशार आभाळ आणि कसला पाऊस? त्याने क्षितिजावरची काळी रेघ दाखवली. तिथलं पाणी इथल्या घळीत लोंढा होऊन येतं, आत सापडलेल्या माणसाला वर चढायला जागा नसते. तू मला गप्प केलंस. ‘केतू, तो नाही म्हणतोय ना? मग विषय संपला.’

त्याचं ऐकलंस आणि बरोबरच केलंस. दुपारी काय वारा सुटला! दातांत वाळू, चहात वाळू. आणि मग चार थेंब पडलेसुद्धा. तू रेनकोट घालून तंबूबाहेर उभी राहिलीस, नुसती आमच्याकडे बघत. इतका राग आला होता मला तुझा!

रविवारी आभाळ उघडलं. मोठी घळ बंदच होती, पण सामी म्हणाला, वरच्या अंगाला एक छोटी कोरडी घळ आहे, तिच्यात पाणी येत नाही. मात्र दुपारपर्यंत पुन्हा ढग भरतील, भराभर जाऊन यायला हवं. त्याने तुझ्याकडे बघून विचारलं, ‘मॅडम, यू कम, ऑर यू रेस्ट?’

तू म्हणालीस, ‘नको. तुम्ही दोघं जाऊन या. मी बसते इथे चहा घेत.’

‘आर यू शुअर, आत्या?’

‘हो गं.’

‘ओके,’ म्हणाले मी. झालं. एवढंच.

आत्या, तुझ्या घरी जेवायला आलेल्या कुणाचं पहिलं ‘नको’ कधी कुणी ऐकलंय का? पॉलीन पहिल्यांदा आली तेव्हा बिचारी ‘नो, थँक यू’ म्हणत राहिली आणि तू तिच्या वाटीत बासुंदी ओतत राहिलीस. तुझा हिशेब साधा होता. पहिलं नको रीत म्हणून, दुसरं लाज म्हणून, तिसऱ्याला माणसाच्या तोंडाकडे बघायचं. लहानपणी पुण्याला सुट्टीवर यायचीस तेव्हा तूच शिकवलंस मला हे. मग मी इथे आले, कौन्सिलच्या ऑफिसात नाही म्हणजे नाही हे अंगवळणी पडलं. ऑफिसात ते बरोबरच आहे. पण ते मी तुझ्यापाशी वाळवंटात कशाला घेऊन आले?

आणि आज एक खरं सांगते. तुझं नको ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. तू सावकाश उतरणार, आमची घाई, वर ढग. म्हणून तर मी पुन्हा विचारलं नाही. विसरले वगैरे काही नाही.

घळ सुंदर होती गं. लालसर भिंती, पायाखाली गार वाळू, वर आभाळाची चिंधी. तीन वेळा दोरावरून उतरलो आणि एकदाही तुझी आठवण आली नाही. मनापासून मजा केली, हेच आता टोचतं.

परत आलो तेव्हा थेंब पडायला लागले होते. तू जीपपाशी ड्रायव्हरला त्याच्या मुलांची नावं विचारत बसली होतीस. अंगात तो रेनकोट. आम्हाला बघून उठलीस आणि खुळखुळ वाजलं. रेनकोटच्या आत हार्नेस तसंच होतं. ‘अगं, अजून काढलं नाहीस?’ म्हणून मी हसले. ‘बकल अडकलंय मेलं,’ म्हणालीस. मी हात लावला आणि ते एका झटक्यात निघालं.

अख्खा हिवाळा दर मंगळवारी जे बकल तू काढलंस-घातलंस, ते त्याच दिवशी कसं अडकलं, असा प्रश्न मला पडला नाही. या जानेवारीत तू झोपेतच गेलीस, तरी पडला नाही. काल दारात बूट घालता घालता पॉलीन म्हणाली, तिने तुला जॉर्डनचं विचारलं तर तू हसत सुटली होतीस. ‘आय सेड नो जस्ट वन्स, पॉलीन, अ‍ॅण्ड दे बिलीव्ह्ड मी!’ मग पॉलीन म्हणाली, ‘आम्हाला माहीत होतं ना. तिला केक तीनदा विचारायचा. दोनदा नको म्हणायची आणि तिसऱ्यांदा सगळ्यात मोठा तुकडा उचलायची.’

साउथहॅम्प्टनच्या पॉलीनला माहीत होतं, आत्या!

आणि तू पण काय गं! तिला हसून सांगितलंस, मला का नाही? ‘केतू, मला यायचंय,’ एवढं म्हटलं असतंस तर सामीला थांबवलं असतं, मीच हळू उतरले असते. जिभेला काय झालं होतं तुझ्या? मी कितीतरी रविवारी तुझ्याकडे जेवले त्यानंतर. एकदा तरी बोलायचंस!

तुझ्या अस्थी अजून इथेच आहेत. निखिल म्हणतो, तुझ्या साउथहॅम्प्टनच्याच समुद्रात सोडू. मला बाबा हवेत तेव्हा. तू गेलीस तेव्हा अंत्यविधीला या म्हटलं, तर ते म्हणाले होते, ‘नको, मला बघवणार नाही,’ आणि मी तेही पहिल्या झटक्यात ऐकलं. मघाशी त्यांना फोन केला.

‘नको गं, एवढ्या लांब. तुम्ही उरकून घ्या.’

पुन्हा विचारलं. ‘नको म्हटलं ना. गुडघे धरलेत माझे.’

‘बरं’ अगदी तोंडाशी आलं होतं. हार्नेस समोर खुर्चीवर होतं, म्हणून गिळलं. म्हटलं, ‘बाबा, ताईला शेवटचं पोचवायला या ना.’

मग म्हणाले, ‘मे महिन्यात तिकडे हवा कशी असते गं?’

तिकीट आजच काढते, आत्या. त्यांना पाण्यापर्यंत मी हाताला धरून नेईन, त्यांच्या चालीने, कितीही वेळ लागू दे. आणि आपल्या माणसाने नको म्हटलं, तर यापुढे मी निदान त्याच्या तोंडाकडे बघेन. शब्द देते तुला.

तुझी,
तुझ्याकडे नीट न बघितलेली
केतू