मामा, सव्हाना म्हणजे जंगल नव्हे

तीर्थस्वरूप अभयमामांच्या चरणी (आणि तुमच्या आरुशा शहरातल्या गॅरेजमधल्या सगळ्या सफारी जीपच्या चाकांशी) सिंगापूरहून सारंगचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींच्या स्वयंपाकघरातून केळी पळवणारी बबून माकडं सुधारली का? वर्षाअखेरचा छोटा पाऊस टांझानियात पोचला का? इथे सगळे खुशाल. मी कॉलेज अर्धवट सोडल्यापासून बाबा माझ्याशी फक्त वायफायबद्दल बोलतात, त्यामुळे घरात शांतता आहे.

पत्र वल्लरीमुळे लिहितोय (फोन केला की तुम्ही मध्येच हसता). वल्लरी म्हणजे डॉक्टर रवींद्रकाकांची थोरली. गवताळ प्रदेशांचा अभ्यास करते, आणि मसाई लोकांची गुरं चरून गेल्यावर गवत पुन्हा कसं उगवतं ते पाहायला वर्षभर तुमच्याच बाजूला निघालीय. माझं तिच्यावर प्रेम आहे हे ती सोडून इथल्या सगळ्या मराठी मंडळाला माहीत आहे. गेल्या रविवारी ईस्ट कोस्टला आमच्या कॉन्डोच्या हॉलमध्ये तिचा निरोप समारंभ होता. तिथे बँकेतला अनिमेष (पगार मोठा, पोट त्याहून मोठं) म्हणाला, "जंगलात एकटी मुलगी कशी राहणार?" माझं डोकंच फिरलं. "सव्हाना म्हणजे जंगल नव्हे!" असं ओरडून मी तुम्ही फोनवर सांगितलेलं सगळं त्याच्यावर ओतलं. नजर जाईल तिथवर गवत, मध्येच छत्रीसारखी एखादी बाभूळ, हिरव्या चाऱ्यामागे धावणारे लाखो विल्डबीस्ट, संध्याकाळी गुरांना काटेरी कुंपणात घेणारे मसाई. इथेच थांबायला हवं होतं. पण वल्लरी टक लावून बघत होती हो! म्हणून मी महिनाभर तुमच्याकडे राहून गुरं राखली आणि तुमच्या दारात रोज वाघ येऊन बसायचा, हेही सांगून मोकळा झालो. (मलेशियातल्या जोहोरपलीकडे मी गेलेलो नाही, हे तुम्ही जाणताच.)

झालं! काका लेकीला पाठवायला कचरत होते. त्यांनी मला तिथली माहिती द्यायला चहाला बोलावलं. मी मसाई पांघरतात तसं लाल चौकड्यांचं कापड खांद्यावर टाकून गेलो. तिथे लहानांनी मोठ्यांपुढे मान झुकवायची आणि मोठ्यांनी डोक्यावर हात ठेवायचा, ही रीत तुम्हीच सांगितलेली. दार उघडताच काकांपुढे मान झुकवली. काका इथल्या नोव्हेना भागात त्वचारोगतज्ज्ञ. त्यांनी चष्मा लावला, केसांत भांग पाडून बघितला आणि म्हणाले, "कोंडा आहे. सोमवारी क्लिनिकला ये." तेवढ्यात धाकटी अवनी तिच्या सिंगापुरी मराठीत किंचाळली, "ब्रो, हा तुमचा टेबलक्लॉथ लाह! गणपतीला मी ह्याच्यावर वरण सांडलं होतं!" डाग अजून आहे, मामा. तरी मी मान ताठ ठेवून सांगितलं, की वल्लरी माझ्या मामांकडे उतरेल, काळजी नको. काका तेवढ्यावर तयार झाले.

मामींना नमस्कार, माकडांना समज.

तुमचा (अजून तरी) भाचा,
सारंग

ता. क. : वल्लरी महिनाअखेरीस पोचते. मी महिनाभर राहिलो होतो, असं तुम्ही दोघांनी सांगायचं. माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे. वाघाचंही तेवढं सांभाळून घ्या.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवणार तोच वल्लरी आली. आफ्रिकेत वाघ नसतात म्हणे! हे मला कोणी कधी सांगितलं का? तिला तेव्हाच सगळं कळलं होतं. मग बोलली का नाहीस, म्हटलं. तर म्हणते, "सगळा हॉल गप्प होता आणि तू एकटा माझ्यासाठी भांडत होतास. मला नाही मध्ये बोलावंसं वाटलं." आणि जाताना टेबलक्लॉथ मागून घेतला, बाभळीखाली डबा खायला. म्हणाली, परत हवा असेल तर स्वतः येऊन घेऊन जा.

तेव्हा मामा, तिच्याशी माझ्यासाठी काही खोटं बोलू नका. जे काय बोलायचं ते आईशी बोला. ती सकाळपासून टेबलक्लॉथ शोधतेय.