कोरड्या जमिनीतली सळई

हिंगणघाट,
१२ जून १९५८

प्रिय भैयाजी,

सप्रेम जय भीम. खात्याने तुम्हाला निलंबित करून नाचणगावला घरी बसवलं आणि तुमची टेलिफोन लाइन मी सांभाळतोय, हे मला अजून पचलेलं नाही. खांबावर चढलो की वाटतं, खालून आता ओरड येणार, "काऊन रे गुलाब, पट्टा बांधला का नाई?" तुमच्या तोंडी कायम खात्याचे नियम. आम्ही मागे हसायचो, की भैयाजी जेवायला बसतानाही आधी अर्थिंग तपासतात.

मोतीलालजींच्या घरच्या फोनचं लिहितोय. माघात तो आपणच बसवला. तुम्ही बाहेर तार ओढत होता आणि मला आत पाठवताना बजावलं होतं, "सळई ओल्या जागी ठोकजो. तुळशीपाशी रोज पानी पडते, तिथंच." तारेवर वीज उतरली तर ती सळईतून ओल्या मातीत जिरायला हवी, नाहीतर फोन धरलेल्या माणसाच्या कानात शिरते, हे तुम्हीच मला शिकवलंत. मी पहार घेऊन अंगणात गेलो, तोच मोतीलालजींच्या पत्नी कौशल्याबाई तांब्या घेऊन समोर आल्या. त्या काही बोलल्या नाहीत. मीच मागे सरलो. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन सव्वा वर्ष झालं होतं, पण माझ्या पायांना ते अजून कळलं नव्हतं. सळई मी मागच्या भिंतीखाली कोरड्या मुरमात ठोकली आणि तपासणीच्या फॉर्मवर लिहिलं, 'जागा ओली'. तुम्ही माझ्या शब्दावर सही केलीत.

वैशाखात वीज पडली तेव्हा बाई लेकीशी फोनवर बोलत होत्या. चौकशीला साहेब आले, त्यांनी ती सळई पाहिली, आणि तुम्ही सरळ म्हणालात, जागा मीच निवडली. मी शेजारीच उभा होतो. माझी नोकरी कच्ची, माझ्या कांताला सातवा महिना, म्हणून तुम्ही ते अंगावर घेतलंत, हे मला त्याच क्षणी कळलं. तरी तोंड उघडलं नाही. फार लाज वाटते, भैयाजी.

काल बाईंना भेटलो. उजव्या कानाने त्यांना आता काहीच ऐकू येत नाही, म्हणून मला डाव्या बाजूला बसवलं. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरे, मी कुठी मना केलतं तुले? मी त पानी टाकाले आलती. इचारलं असतं तं..." विचारलं असतं तर त्या हो म्हणाल्या असत्या का, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पण मी विचारलं नाही, हे खरं. आज सकाळी त्यांच्या देखत तुळशीपाशी खणून सळई ठोकली. पाणी त्यांनीच ओतलं.

दुपारी वर्ध्याला जाऊन साहेबांच्या हातात लेखी जबानी दिली. जागा मी निवडली, फॉर्म मी खोटा भरला, असं स्पष्ट लिहिलंय. कांताला सांगूनच गेलो होतो. तुम्हाला आधी कळवलं असतं तर तुम्ही अडवलं असतंत, म्हणून पत्र नंतर लिहायला बसलो. सोमवारी साहेब खात्री करायला नाचणगावला तुमच्याकडे येतील. भैयाजी, हात जोडतो, माझ्यासाठी दुसऱ्यांदा खोटं बोलू नका.

तुमच्याच हाताखाली शिकलेला,
तुमचाच गुलाब