माय सही विसरली तो दिवस

माय,

विभागातल्या पोरापोरींनी यंदा एक नाटक बसवलं. राजकीय, टिंगलीचं, गावच्या पंचायतीवरचं. परवा जळगावात त्याचा पहिला प्रयोग झाला आणि आबा पुढच्या रांगेत बसून तो शेवटपर्यंत बघून आले. एवढंच तुला सांगायला बसले होते, पण मधलं सगळं सांगितल्याशिवाय तुला यातलं काहीच कळायचं नाही. तू गेलीस तेव्हा मी धुळ्याला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आता विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवते. म्हणजे पोरांना नकला शिकवते, असं तू म्हणाली असतीस. आबा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे म्हणून आले ते माझ्याकडेच राहिले. सकाळी पेपर वाचतात, दुपारी मला फोन करून विचारतात की घरी कधी येणार. गावात ज्यांच्या खोकल्यानं ओसरी गप्प व्हायची ते हेच, असं आता सांगूनही कुणाला खरं वाटत नाही.

नाटक पोरांनी तालमीतच रचत आणलं. एक गाव आहे, सरपंचपद बाईसाठी राखीव झालंय, म्हणून गावचा पुढारी आपल्या बायकोला खुर्चीत बसवतो आणि स्वतः कारभार करतो. बायकोचं काम धरणगावच्या एका मुलीकडे होतं. नाकापर्यंत पदर, खुर्चीच्या अगदी कडेला टेकलेली, आणि कुणी काहीही विचारलं तरी नवऱ्याकडे बोट करून एकच उत्तर: "त्यासले इचारा." पाणी का येत नाही? त्यासले इचारा. रस्ता कागदावर झाला तो कुठे गेला? त्यासले इचारा. बाई, तुमचं नाव काय? "त्यासले इचारा." पहिल्या तालमीला सगळी पोरं पोट धरून हसत होती. मीही हसले, सगळ्यांत मोठ्यांदा. मग ती मुलगी पदर सावरत उठली आणि तिच्या खांद्याच्या त्या हालचालीत तू दिसलीस. मी वही मिटली आणि पाणी पिऊन येते असं सांगून व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

कारण तू हेच म्हणायचीस. मी नववीत होते तेव्हा तुला सरपंच केलं. केलं म्हणजे आबांनी ठरवलं आणि तुला संध्याकाळी भाकरी थापताना सांगितलं. ओसरीत पंचायतीची माणसं बसत, आबा बोलत, आणि तू आत चुलीपाशी त्यांच्या चहाचं बघत असायचीस. सगळं ठरलं की रजिस्टर स्वयंपाकघरात यायचं. मला अजून ते दिसतं. तू परातीतले पिठाचे हात पदराला पुसतेयस, गुडघ्यावर रजिस्टर घेतेयस, आणि कुठे करायची ते बोटानं विचारतेयस. ती सही मी तुला शिकवली होती. माझ्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर तुझ्या नावाची चार अक्षरं तू गिरवलीस. तिसऱ्या अक्षराची गाठ तुला आठवडाभर जमेना. कंटाळून एकदा "राहू दे, अंगठाच देस मी," म्हणालीस, तर मी तुझ्यावर ओरडले होते, "अंगठा दिलास तर मी शाळेत जाणार नाही!" चौदा वर्षांची पोर आईवर ओरडते आणि आई खाली मान घालून परत पेन्सिल धरते. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट वर्गात सांगत फिरले की आमच्या सरपंचीणबाई सही करतात.

मग धुळ्याचं कॉलेज, होस्टेल, आणि दुसऱ्या वर्षाचं स्नेहसंमेलन. मी एकपात्री केलं होतं, नाव "सरपंचीणबाई". नाकापर्यंत पदर घेतला, हात पिठाचे केले, आणि रजिस्टर गुडघ्यावर ठेवून तुझी सही करायची धडपड केली. जीभ दाताखाली धरून, तू धरायचीस तशी. मंडप दणाणून गेला. पहिलं बक्षीस मिळालं. तोंड धुवून बाहेर आले तर मागच्या खुर्च्यांपाशी तू उभी. हातात डबा. सोनगीरला बस बदलून, आयुष्यात पहिल्यांदा एकटी आली होतीस. किती वेळ उभी होतीस हे विचारायचं धाडस मला झालं नाही. तू डबा माझ्या हातात दिलास, डाळीचे वाफवलेले फुनके होते, अजून कोमट. माझ्या कपाळावर राहिलेला रंग पदरानं पुसलास आणि म्हणालीस, "नक्कल बेस करी. पन इतली मुकी नही शे मी." इतकी मुकी नाही, एवढंच. मी म्हटलं, माय, ती तू नाहीस, अशा खूप बायका असतात. तू हो म्हणालीस आणि परतीच्या बसची वेळ विचारलीस. पुढच्याच वर्षी कावीळ झाली आणि आठ दिवसांत तू गेलीस. त्या दिवशीचा विषय आपल्यात पुन्हा निघालाच नाही. तुझ्या त्या वाक्याचा अर्थ मी इतकी वर्षं एकच लावला होता, की तुला लागलं.

नाटकाच्या प्रयोगाला दहा दिवस असताना कुलसचिवांनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर एक निवेदन होतं. तालुक्यातल्या महिला सरपंचांचा नाटकात अपमान होतोय, प्रयोग थांबवावा. निवेदन घेऊन चार जण आले होते. चौघेही पुरुष. कुलसचिव स्वतःच हसू दाबत होते. म्हणाले, "बायकांच्या अपमानाची तक्रार घेऊन नवरे आलेत, मॅडम. तुमच्या नाटकाचा दुसरा अंक झाला हा. पण मला उत्तर द्यावं लागेल. खरं सांगा, अपमान आहे का बाईचा?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि टेबलावरचं निवेदन पुन्हा वाचायला घेतलं. माय, तक्रार आणणारे चुकीचे होते, पण तक्रार खरी होती. आमच्या नाटकात पुढारी लबाड होता, साहेब लबाड होता, गावातला प्रत्येक माणूस काही ना काही डाव खेळत होता. फक्त बाई मठ्ठ होती. टिंगल सत्तेची करायची म्हणून बसलो होतो आणि हसत होतो ते जिच्याकडे कधीच सत्ता नव्हती तिला. मी त्यांना म्हटलं, चार दिवस द्या.

रविवारी गावाला गेले. का गेले ते नीट सांगता येणार नाही, पण तुझ्याबरोबर पंचायतीत दुसरी बाई होती ती म्हणजे शेजारच्या अक्का, आणि त्या अजून आहेत. कान गेलेत, बाकी सगळं शाबूत. दारात खाट टाकून बसल्या होत्या. मी मोठ्यांदा ओरडून विचारलं की माय मीटिंगमध्ये काय करायची. म्हटल्या, "काय करई? त्यासले इचारा म्हने." माझा चेहरा पडला असेल. मग अक्का एकदम हसायला लागल्या. "आनि सही भुलनी तो दिन? तुले म्हाईत नही?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं ते असं. शाळेशेजारची मोकळी जागा, जिथे पोरी खेळायच्या आणि उन्हाळ्यात सगळ्या गल्लीच्या कुरडया वाळायच्या, ती तालुक्याच्या एका पुढाऱ्याच्या माणसाला कापसाच्या गोदामासाठी द्यायची होती. आबांनी शब्द देऊन टाकला होता. त्या दिवशी तालुक्याहून साहेब आले होते, म्हणून रजिस्टर स्वयंपाकघरात न येता तुलाच ओसरीत बोलावलं. तू खुर्चीत बसलीस. साहेबांनी पेन पुढे केलं. तू पेन हातात घेतलंस, उलटंसुलटं बघितलंस आणि म्हणालीस, "माले सही येत नही."

साहेबांनी मागची पानं उलटून दाखवली. "या काय, बाई? तुमच्याच सह्या ना?"

"त्या तवय येत व्हत्यात. आते भुलाई गई."

साहेबांनी शाईची डबी मागवली. म्हणाले, मग अंगठा द्या.

"अंगठा कसा दिऊ, साहेब? मन्ही आंडेरनी माले सही शिकाडी. अंगठा दिधा ते ती रागे भरी."

ती आंडेर, ती लेक, म्हणजे मी. अक्का हे सांगताना मांडीवर थाप मारत होत्या. साहेबांना कळेना काय करावं. पाच वर्षं सह्या आणि एकदम अंगठा, उद्या कुणी वर अर्ज केला तर त्यांनाच उत्तर द्यावं लागलं असतं. त्यांनी रजिस्टर मिटलं आणि पुढच्या वेळी बघू म्हणाले. पुढची वेळ आलीच नाही, दोन महिन्यांत मुदत संपली. जागा अजून आहे. मी जाताना बघितली, दोरीवरच्या उड्या चालल्या होत्या. "दुसराच रोज फुनके करीसन तुन्हाकडे धुळ्याले गई ना ती," अक्का म्हणाल्या. "तुले सांगाले."

मी अक्कांच्या पायांवर डोकं ठेवलं, त्यांना वाटलं मी निघाले. गाडीत बसून मी बराच वेळ रडले, पण माय, ते दुःखाचं रडणं नव्हतं. तू मला दटावलं नव्हतंस. तू मला बातमी दिली होतीस, जेवढी त्या मंडपात देता आली तेवढी.

सोमवारी पोरांना सगळं सांगितलं. ती बाई माझी आई होती हेही सांगितलं. धरणगावची मुलगी म्हणाली, "मॅडम, मग मी ती पहिल्यापासूनच हुशार करू का? सगळं कळतंय, पण बोलत नाही अशी?" आम्ही आठ दिवसांत अर्धं नाटक उलटं केलं. कुलसचिवांना सांगितलं की अपमान होता, काढून टाकला, आता तक्रारवाल्यांना सहकुटुंब बोलवा. ते आले. चौघांपैकी तिघांनी बायकांना आणलं होतं. बाई पेन उलटंसुलटं करून बघते आणि "आते भुलाई गई" म्हणते तेव्हा पहिलं हसू त्या बायकांच्या रांगेतून आलं. एक जण तर तोंडावर पदर धरून वाकलीच. नवऱ्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि मग तेही हसले, न हसून करतात काय. प्रयोग संपल्यावर त्यातला एक जण मला येऊन म्हणाला, "चांगलं बसवलंय, मॅडम." निवेदनाचं नाव कुणी काढलं नाही.

मला भीती आबांची होती. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. विंगेतून मला त्यांचा चष्मा तेवढा दिसत होता. प्रयोग दुपारचा होता, उजेड असतानाच घरी निघालो. महामार्गाला लागेपर्यंत ते चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "पोरगीनी काम बेस करं." आणि जरा वेळानं, "सही तिले येत व्हती. माले म्हाईत व्हतं."

मी गाडी कडेला घेतली. "मग साहेबांना का नाही सांगितलं?"

"तिन्ही मन्हाकडे देखं."

ते समोरच्या काचेतून बाहेर बघत होते. "मी जबान दियेल व्हती त्या लोकेसले. मी बोलतू ते तिले सही करनी पडती. नही बोलनू." मग हात गुडघ्यावर घासत, "साहेब गया, चार दिन बोलनू नही तिन्हासंगे. पन साहेबनासमोर नही बोलनू." आणि मला म्हणाले, चल, चहाची वेळ झाली.

इतकी वर्षं मी तुमच्या दोघांकडे एकाच चित्रात बघत होते. ते बोलणारे, तू सही करणारी. त्यात तो एक दिवस कुठे बसतच नव्हता, म्हणून कदाचित मला कुणी सांगितलाही नाही. आबा एकदम चांगले झाले असं मी म्हणत नाही, पाच वर्षं रजिस्टर चुलीपाशी तेच पाठवत होते. पण एका दुपारी तू त्यांच्याकडे बघितलंस आणि ते गप्प राहिले. घरी येऊन मला एकदम झोप यायला लागली, परीक्षा संपल्यावर येते तशी. चहा न घेताच मी आडवी झाले.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही. तू असतीस तरी पाठवलं नसतं. तुला नावापलीकडे वाचता येत नव्हतं. पत्र आलं की ते आबाच वाचून दाखवायचे, आणि ते वाचणार म्हटल्यावर मी यातलं निम्मंही लिहिलं नसतं. तेव्हा हे असंच राहू दे.

आणि एक सांगते. त्या सहीच्या प्रसंगाला सगळं सभागृह हसत होतं तेव्हा मला तुझी आठवण आली नाही. मी नुसतीच हसत होते.