आईची कंबर आणि नवे शॉकअप

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

आज स्वतःचाच राग येतोय. मोटारसायकलच्या मागच्या चाकाचे नवे शॉकअप निवडताना मी किती विचार केला होता! जुने मऊ होते. एकटा असलो की गाडी छान चालायची, पण आई मागे बसली की खड्ड्यात टेकायची. म्हणून कडक घेतले. आईच्या वजनाचं सोयाबीनचं पोतं मागे बांधून गावाला चक्करही मारली. गाडी कुठेच टेकली नाही. वाटलं, जमलं.

आज तिला कमरेच्या डॉक्टरकडे अंबडला नेलं. ती लुगड्यात एका अंगाला बसते, आणि पोतं मी मधोमध बांधलं होतं! हे कसं सुचलं नाही? प्रत्येक खड्ड्याला तिच्या एकाच बाजूला दणका. माझा शर्ट घट्ट धरून म्हणाली, "गणेश, पोत्याला कंबर न्हाई राहत रे बाबा, मला हाये."

परत निघताना एका गॅरेजातून पाना मागून घेतला आणि कडं फिरवून शॉकअप सगळ्यात मऊ खुणेवर आणले. दाबून पाहिले, तरी दगडच. आई म्हणाली, "तू कर बराबर. मी एसटीनं जाते." आणि चढलीसुद्धा.

आता जुनेच परत बसवू? मग ती बसली की पुन्हा टेकणार. मधलं काही मिळतच नाही का?

एसटीच्या मागे मी एकटा, सीटवरून उडत येत होतो. मी पडेन म्हणून आई सारखी खिडकीतून मान बाहेर काढून मागे बघत होती.